बेस वाजवणाऱ्याचे कान

लग्नसराईत जळगावात रात्री नऊच्या सुमारास घरात बसले की एक अनुभव हमखास येतो. दोन गल्ल्या पलीकडे हळदीचा डीजे लागलेला असतो. गाणे अहिराणी आहे की हिंदी, ते कळत नाही. गाणारा पुरुष आहे की बाई, तेही कळत नाही. कानावर येते ती फक्त धमधम. खिडकीची काच थरथरते, मांडणीतले स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणतात आणि छातीत कोणी आतून बुक्की मारावी तसे वाटते. दारे-खिडक्या लावून घेतल्या की उरलेसुरले शब्दही बंद होतात, धमधम मात्र तशीच राहते.

डीजेवाल्यांच्या भाषेत हा 'बेस'. गाडीवर खाली ठेवलेले मोठे खोके म्हणजे बेस आणि वर रचलेले लहान खोके म्हणजे टॉप. वरातीत नाचणाऱ्या पोरांना शब्दांशी फारसे देणेघेणे नसते, त्यांना बेस हवा असतो. आपल्या संगीतात ज्याला खर्ज म्हणतात त्याचा हा पाश्चात्त्य भाऊबंद. रॉक बँडमध्ये हा खर्ज सांभाळण्यासाठी एक स्वतंत्र माणूस असतो, तो म्हणजे बेस गिटारवादक. चार जाड तारांची गिटार गळ्यात अडकवून तो बहुधा ड्रमच्या शेजारी उभा असतो. टाळ्या गायकाला आणि मुख्य गिटारवाल्याला मिळतात. तो थांबला की मात्र गाण्याखालची जमीनच सरकते.

या उपेक्षित जागेवरून जगभर नाव कमावलेला माणूस म्हणजे जॉन एन्टविसल, इंग्लंडच्या 'द हू' या बँडचे बेसवादक. २०११ मध्ये 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी नियतकालिकाने वाचकांचा कौल घेतला, तेव्हा आजवरचा सर्वश्रेष्ठ बेसवादक म्हणून त्यांचेच नाव पहिले आले. तो बहुमान पाहायला ते हयात नव्हते. शेवटच्या वर्षांत त्यांना समोरच्याचे बोलणे नीट ऐकू येत नव्हते, ते ओठांच्या हालचालींवरून ताडत. जन्मभर खर्ज वाजवणाऱ्याचे कान गेले, यात नवल नाही. नवल आहे ते कान नेमके कुठून जातात यात. आणि ते कळले की जळगावच्या हळदीत दुसऱ्या दिवशी कानांत दडे का बसतात, हेही कळते.

आठ मीटरची लाट

बेस गिटारची सर्वांत जाड तार छेडली की ती सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. एवढ्या मंद कंपनाची हवेतली लाट आठ मीटरहून लांब असते, म्हणजे एका लहान घराएवढी. याउलट 'स' किंवा 'श' उच्चारताना निघणाऱ्या चार हजार कंपनांच्या आवाजाची लाट जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची, चार बोटांच्या रुंदीएवढी. आखूड लाटेला नऊ इंची विटांची भिंत अडवते, पडदाही थोडाफार शोषून घेतो. आठ मीटरची लाट भिंतीला हलवत पलीकडे जाते, कोपऱ्यावरून वळते आणि काचेला थरथरवते. म्हणून दोन गल्ल्या ओलांडून फक्त बेस घरात येतो.

पण लोकांना बेस इतका का आवडतो? कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी याचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी लोकांना एक उंच आणि एक खालचा असे दोन स्वर एकाच वेळी ऐकवले. मधूनच त्यांतला एक स्वर सेकंदाच्या विसाव्या भागाने आधी येई. मेंदूतील विद्युत हालचाली नोंदवल्या तेव्हा दिसले की खालचा स्वर आधी आला तर मेंदू ते जास्त ठळकपणे टिपतो. ताल धरून बोट आपटायला सांगितले तर बोटही खालच्या स्वरामागे जाते. ठेका खर्जातल्या वाद्यांकडे सोपवायची रीत जगभरच्या संगीतात इतकी का आढळते, त्याचे हे एक उत्तर. तबल्याचा डग्गा आठवा.

याच विद्यापीठाने २०२२ मध्ये एका मैफलीत आणखी गमतीचा प्रयोग केला. जवळजवळ ऐकूच न येणारा, अतिशय खालच्या कंपनांचा आवाज देणारे स्पीकर थोड्या थोड्या वेळाने चालू-बंद केले. तो चालू असताना लोक सुमारे १२ टक्के जास्त हलले, जास्त नाचले. स्पीकर कधी चालू होता, हे त्यांना सांगता येत नव्हते. बेस वाढवला की वरात रंगते, हे डीजेवाल्याला जे अनुभवाने माहीत असते, त्याला प्रयोगशाळेचा असा दुजोरा आहे.

कर खात्यातला कारकून

एन्टविसल यांचा जन्म ९ ऑक्टोबर १९४४ चा, लंडनमधला. आई पियानो वाजवी, वडील ट्रम्पेट. मुलाला सातव्या वर्षी पियानोला बसवले, तो त्याला आवडला नाही. मग ट्रम्पेट, पुढे शाळांच्या वाद्यवृंदात फ्रेंच हॉर्न. रॉकमध्ये आलेल्या त्या पिढीतील बहुतेक पोरे कानाने शिकलेली, हा एक मुलगा मात्र स्वरलिपी वाचणारा. शाळेतच पीट टाउनशेंड भेटला. बोटे मोठी आणि सहा तारांच्या गिटारवर अडखळणारी म्हणून जॉन बेसकडे वळला आणि पहिली बेस गिटार त्याने घरीच बनवली. तीच गळ्यात घेऊन तो रस्त्याने चालला असताना रॉजर डॉल्ट्री नावाच्या मुलाने त्याला हटकले आणि आपल्या बँडमध्ये बोलावले. दिवसा सरकारी कर खात्यात कारकुनी आणि संध्याकाळी वादन, अशी काही काळ कसरत चालली.

१९६४ पर्यंत बँडचे नाव 'द हू' झाले आणि ड्रमवर कीथ मून आला. (जागतिक आरोग्य संघटनेची इंग्रजी आद्याक्षरे जोडली तर नेमके हेच नाव होते. एकाने आवाजाचा विक्रम केला आणि दुसरी आवाजाच्या मर्यादा आखते आहे.)

या चौघांत एन्टविसल सर्वांत शांत. टाउनशेंड हात गरगर फिरवत गिटार वाजवी आणि शेवटी ती आपटून फोडी, मून ड्रम उलथे करी, डॉल्ट्री माइक वायरने गोल फिरवी. एन्टविसल खांबासारखे उभे. हलत ती फक्त बोटे. १९६५ च्या 'माय जनरेशन' या गाण्यात मध्येच सगळे थांबतात आणि बेस एकटा बोलतो. बेसला असा एकट्याचा मान रॉकमध्ये त्याआधी क्वचितच मिळाला होता. या ध्वनिमुद्रणासाठी त्यांना झणझणीत आवाज देणाऱ्या बारीक तारा हव्या होत्या. तसली गिटार घेतली, पण तारा तुटल्या की सुट्या मिळेनात, म्हणून नव्या तारांसाठी दर वेळी अख्खी गिटार विकत घ्यावी लागली, असा किस्सा ते सांगत. पुढच्याच वर्षी त्यांनी रोटोसाउंड या कंपनीशी बोलून मनासारख्या तारा बनवून घेतल्या. त्यामुळे त्यांच्या बेसला पियानोसारखी वरची धार आली. म्हणजे त्यांच्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा खर्ज तर निघेच, पण त्याच्या जोडीला हजारो कंपनांचा झणकाराही निघे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

तेव्हा मोठ्या सभागृहांसाठी आजच्यासारखी ध्वनियंत्रणा नव्हती. प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात ड्रमपुढे टिकायचे तर वादकाने स्वतःमागे मोठा स्पीकर ठेवायचा. एन्टविसल यांनी पश्चिम लंडनमधल्या जिम मार्शल यांच्या दुकानातून चार स्पीकरचा मोठा खोका आणला. आपली गिटार ऐकू येईना म्हणून टाउनशेंडनेही आणला. मग याने दोन, त्याने दोन. पन्नास वॉटचे शंभर झाले. खोक्यावर खोका चढून वादकाच्या डोक्याएवढी भिंत झाली, जी पुढे सगळ्या रॉकची ओळख बनली. आपल्याकडे दोन मंडळांचे डीजे समोरासमोर आले की जे होते, तेच एका बँडच्या आत, एकाच मंचावर रोज होत होते.

१२६ डेसिबल

३१ मे १९७६. लंडनमधील चार्लटन अ‍ॅथलेटिक या फुटबॉल क्लबचे मैदान. 'द हू'चा कार्यक्रम आणि ७६ हजार वॉटची ध्वनियंत्रणा. स्पीकरपासून ३२ मीटरवर आवाज मोजला तो १२६ डेसिबल भरला. 'गिनेस'ने जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा कार्यक्रम म्हणून त्याची नोंद घेतली. पुढे गिनेसने ही स्पर्धाच बंद केली, कारण विक्रमासाठी लोक स्वतःचे आणि इतरांचे कान फोडायला उत्तेजन मिळते, हे त्यांच्या लक्षात आले.

डेसिबलचा आकडा फसवा असतो. तो बेरजेने नव्हे, गुणाकाराने चढतो. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की दहापट. अमेरिकेतील 'नायोश' या कामगार-आरोग्य संस्थेचा नियम त्यावरच बेतलेला आहे. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास काम चालेल. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० डेसिबलला पाव तास. म्हणजे मिरवणुकीत स्पीकरजवळ नाचणाऱ्याच्या कानावर १०० डेसिबल पडत असतील, तर दिवसाचा कोटा पहिल्या दोन-तीन गाण्यांत संपतो. उरलेली मिरवणूक उधारीवर. चार्लटनचा आकडा सतत तेवढाच राहिला असेल असे नाही, पण निव्वळ गणित म्हणून १२६ ला हाच नियम लावला तर वेळ उरते दोन-सव्वादोन सेकंद.

मंचावरच्या चौघांनी अशी अनेक वर्षे काढली. टाउनशेंड यांना कर्णनाद जडला, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात अखंड शिट्टी वाजत राहणे. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात मूनने ड्रममध्ये ठासलेली दारू त्यांच्या जवळच उडाली होती. पुढे त्यांनी स्टुडिओत तासन्‌तास लावलेल्या हेडफोनलाच जास्त दोष दिला. मोबाइलला इअरफोन लावून झोपणाऱ्या पोरांच्या घरच्यांनी याची नोंद घ्यावी.

साठचे आठ

आता मूळ प्रश्न. जन्मभर खर्ज वाजवला, मग कानाला खर्जच ऐकू येईनासा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तसे होत नाही.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, त्याला कर्णावर्त म्हणतात. वाटाण्याएवढ्या या अवयवात केसपेशींच्या रांगा असतात. आतल्या बाजूला सुमारे साडेतीन हजार, बाहेरच्या बाजूला तीन रांगांत सुमारे १२ हजार. आवाज आला की आतला द्रव हलतो, पेशींवरचे केसासारखे तंतू वाकतात आणि मज्जातंतूतून मेंदूला निरोप जातो. शंखाच्या तोंडाशी बसलेल्या पेशी उंच स्वर टिपतात, आतल्या टोकाच्या पेशी खर्ज. बाहेरून आलेला प्रत्येक धक्का, मग तो कोणत्याही स्वराचा असो, आधी तोंडाशी बसलेल्या पेशींवरून पुढे जातो. भरीला कानाची नळी तिच्या लांबीमुळे तीन हजार कंपनांच्या आसपासचा आवाज आपणहून वाढवते. परिणामी मोठ्या आवाजाचा पहिला घाव जवळजवळ नेहमी चार हजार कंपनांच्या पट्ट्यात पडतो. श्रवणचाचणीच्या आलेखावर तिथे इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा दिसतो. गिरणी कामगार असो, सैनिक असो की गिटारवाला, खड्डा तिथेच. एन्टविसल यांच्या तारांना मुद्दाम आणलेली वरची धार तर थेट याच बाजूला जाऊन लागणारी होती.

पक्ष्यांमध्ये मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवतात. माणसात नाही. गेल्या त्या गेल्या.

चार हजारांच्या पट्ट्यात काय असते? व्यंजने. स, श, त, थ, ख, फ यांची धार तिथे असते. स्वर खालच्या पट्ट्यात असतात, म्हणून ते टिकून राहतात. त्यामुळे अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. बाजारात 'साठ' म्हटलेले 'आठ' ऐकू येते. नातीचे बोलणे पुटपुटल्यासारखे वाटते. शांत खोलीत एकाशी बोलताना भागते, पण लग्नाच्या पंगतीत चार जण एकदम बोलू लागले की काही कळत नाही. मग माणूस हसून मान डोलावतो, हळूहळू बोलणेच टाळू लागतो आणि घरचे म्हणतात, म्हातारा तऱ्हेवाईक झालाय. टीव्हीचा आवाज वाढतो. आणि स्वतःचे कान बिघडल्याचे त्याला सर्वांत शेवटी पटते, कारण दोन गल्ल्यांपलीकडचा डीजे त्याला अगदी व्यवस्थित ऐकू येत असतो.

दडे सुटले तरी

मोठ्या आवाजानंतर कानांत दडे बसतात, कापूस कोंबल्यासारखे वाटते. सकाळपर्यंत, फार तर दोन दिवसांत सुटतात. कान बरा झाला असे आपण धरून चालतो आणि बराच काळ डॉक्टरही असेच मानत. २००९ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगाने हा समज हादरला. उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. नंतर त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत होत्या. पण काही भागांत त्या पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले निम्म्याच्या आसपास जोड कायमचे तुटले होते. साध्या श्रवणचाचणीत हे दिसत नाही. माणसात हे नेमके किती प्रमाणात घडते यावर अजून वाद आहे, पण 'चाचणी ठीक आली, तरी गोंगाटात बोलणे कळत नाही' या तक्रारीकडे आता वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

निव्वळ बेस कानाला अपाय करतो का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. सारख्याच डेसिबलला खर्ज हा मधल्या पट्ट्यातील आवाजापेक्षा कमी घातक असतो, हे खरे. पण कान त्याच्याबाबत बेफिकीर नसतो. जर्मनीत म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये २१ जणांना ३० कंपनांचा खर्ज फक्त दीड मिनिट ऐकवला. निरोगी कान स्वतःही अतिशय बारीक आवाज सोडत असतो. खर्ज थांबल्यावरही काही वेळ हे बारीक आवाज खाली-वर होत राहिले, म्हणजे आतली यंत्रणा डळमळली होती. ही इजाच आहे असे त्या शास्त्रज्ञांनी म्हटले नाही. पण ज्या आवाजाला कान 'मोठा' म्हणत नाही, त्याचाही आत परिणाम होतो, एवढे त्यातून दिसले.

इथेच आपल्याकडच्या तक्रारींची एक गाठ आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे मोजमाप 'ए' भारांकाने करतात, म्हणजे माणसाचा कान ज्या स्वरांना कमी दाद देतो ते स्वर मीटरही कमी धरतो. ५० कंपनांच्या आवाजातून तो तब्बल ३० डेसिबल वजा करतो. प्रत्यक्षात १०५ डेसिबलचा बेस त्याच्या लेखी ७५ होतो. टॉप बंद करून नुसता बेस वाजवला तर मीटरचा आकडा घसरतो, शेजारच्या आजोबांच्या खिडकीची काच मात्र थरथरतच राहते. मीटर खोटे बोलत नाही, तो कान मोजतो, घर मोजत नाही.

लास व्हेगास, जून २००२

'द हू' मोडला, जुळला, पुन्हा मोडला, पुन्हा जुळला. १९७८ मध्ये मून गेला. १९८९ च्या दौऱ्यात कानांना जपायचे म्हणून टाउनशेंड यांनी बराचसा वेळ साधी गिटार वाजवली. एन्टविसल यांनी आवाज कमी केला नाही. कॅनडाचे गिटारवादक रँडी बाकमन यांनी त्यांच्या शेवटच्या वर्षांविषयी सांगितले आहे, की मागच्या प्रचंड स्पीकरमधून अंगावर येणाऱ्या हवेच्या झोतावरून ते आपला बेस ओळखत. कानाचे काम पाठीची कातडी करत होती. आणि तरी बोटे चुकत नव्हती, हे त्या काळातल्या ध्वनिमुद्रणांत ऐकायला मिळते.

२७ जून २००२ रोजी लास व्हेगासमधील हॉटेलच्या खोलीत त्यांचा मृत्यू झाला. वय ५७. दुसऱ्या दिवशी तिथूनच अमेरिकेचा दौरा सुरू व्हायचा होता. कोकेनने ओढवलेला हृदयविकाराचा झटका, असा शवचिकित्सेचा निष्कर्ष निघाला. कोकेन हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसवते, त्याच वेळी रक्तदाब आणि ठोके वाढवते, रक्त गोठायलाही मदत करते. निरोगी हृदयालाही हे झेपेलच असे नाही, आणि त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या होत्या. धूम्रपान होते, रक्तदाब होता. चार दिवसांनी, १ जुलैला, पीनो पॅलाडिनो हे दुसरे बेसवादक त्यांच्या जागी उभे राहिले आणि दौरा सुरू झाला. धंद्याची रीत अशी असते.

ओकलंडची एक रात्र

या गोष्टीत आणखी एक बेसवादक आहे. तिला एन्टविसल यांची कीर्ती मिळाली नाही, पण कानांच्या बाबतीत तिचे काम मोठे आहे. कॅथी पेक ही 'द कॉन्ट्रॅक्शन्स' या सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलींच्या बँडची गायिका आणि बेसवादक. १९८४ मध्ये ओकलंडच्या मोठ्या सभागृहात 'ड्युरान ड्युरान' या बँडआधी त्यांचे वादन झाले. त्यानंतर तिच्या कानात सुरू झालेला नाद थांबेना आणि ऐकू कमी येऊ लागले. वादकाने हे बोलून दाखवायचे नसते, काम जाते. तिने बोलून दाखवले. १९८८ मध्ये एका डॉक्टरच्या साथीने तिने 'हिअर' ही संस्था काढली. वादक, तंत्रज्ञ आणि श्रोते यांच्यासाठी श्रवणचाचण्या, कार्यक्रमांच्या दारात कानबोळ्यांचे वाटप, असे काम. सुरुवातीला पैसे देणाऱ्यांत पीट टाउनशेंड होते, आणि आपल्या कर्णनादाविषयी ते उघडपणे बोलले.

योगायोगाने १९८८ मध्येच वादकांसाठीचे खास बोळे बाजारात आले. साधे फोमचे बोळे उंच स्वर जास्त अडवतात, त्यामुळे संगीत गढूळ ऐकू येते. हे नवे बोळे सगळ्या स्वरांना सारखेच, साधारण १५ डेसिबलने, खाली आणतात. गाणे तसेच, फक्त लांबून आल्यासारखे. १०० चे ८५ झाले तर नायोशच्या गणितात पाव तासाचे आठ तास होतात. महाग बोळेच हवेत असे नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळेही पुरतात, मात्र ते नीट बसवावे लागतात. बोटांत लाटून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, आत सरकवून अर्धा मिनिट धरून ठेवायचे. कापसाचा बोळा फारसे काही अडवत नाही. बेसला तर नाहीच.

जर्मनीत विम्याच्या नोंदींवरून झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात व्यावसायिक वादकांमध्ये आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ चौपट आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आणि विश्रांतीसाठी शांत जागा, श्रोत्यांसाठी बोळे ठेवा असे सांगितले. शंभर कोटींहून अधिक तरुण कान धोक्यात आहेत, असा तिचा अंदाज आहे.

खानदेशात हे कान कोणाचे? डीजेच्या गाडीवर, बेसच्या खोक्याला टेकून रात्रभर वायरी सांभाळणाऱ्या पोराचे. बँडपथकात ताशा वाजवणाऱ्याचे. जळगावच्या डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात, धुळ्याच्या यंत्रमागावर पाळी करणाऱ्याचे. कारखान्यातल्या कामगाराला निदान कायद्याचा आधार आहे. कायद्याने आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. गाडीवरच्या पोराला तोही नाही. तो कोणाच्या हजेरीपटावर नसतो आणि त्याचा हंगाम हळदीपासून विसर्जनापर्यंत चालूच असतो.

कानात सतत शिट्टी वाजत असेल, गर्दीत बोलणे कळत नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्यावी. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हा विभाग आहे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर दडे सुटतील म्हणून थांबू नये. अशा बहिरेपणावर दिली जाणारी औषधे पहिल्या काही दिवसांतच सर्वांत उपयोगी पडतात, म्हणून दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टर गाठावा. कोमट तेल घालून उपयोग नाही, बिघाड पडद्याच्या पलीकडे, आतल्या कानात असतो. आणि नेहमीची चाचणी करायची असेल तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊ नये. आधीचे किमान १४ तास कान मोठ्या आवाजापासून लांब असायला हवेत, नाहीतर आलेखावर कायमचा खड्डा कोणता आणि कालच्या हळदीचा कोणता, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही.